ताम्रपट, धवळे आणि सागाचा खांब

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर या एका गावाच्या खाती इतिहासाने दोन स्त्रियांची दप्तरे जमा करून ठेविली आहेत. पहिली वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता. तिच्या एका दानाचा ताम्रपट या गावी मिळाला. दुसरी महानुभाव पंथातील महदाइसा. तिने याच गावी धवळे रचून गायिले आणि मराठीची आद्य कवयित्री हा मान मिळविला. दोघींमध्ये सुमारे साडेआठशे वर्षांचे अंतर आहे. एक सम्राटाची कन्या, दुसरी घरदार सोडून गुरूच्या मागे निघालेली बालविधवा. दुसरीला पहिलीची वार्ता असण्याचाही संभव नाही. तथापि दोघींचे शब्द एकाच गावाच्या आश्रयाने उरले आणि शतकानुशतकांच्या विस्मृतीनंतर विसाव्या शतकातील अभ्यासकांच्या हाती लागले, एवढे साम्य कोणाही कथाकाराला विचारात पाडण्यास पुरेसे आहे.

ज्या कादंबऱ्यांत आजची एक स्त्री आणि भूतकाळातील एक स्त्री यांच्या कथा आळीपाळीने पुढे सरकतात, आणि आजची स्त्री एखाद्या पत्राचा, पोथीचा वा चित्राचा माग काढीत त्या दुसरीपर्यंत जाऊन पोचते, अशा कादंबऱ्यांचा एक स्वतंत्र प्रकारच गेल्या अर्धशतकात इंग्रजीत रूढ झाला आहे. आपल्याकडे १८७१ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी ‘मोचनगड’ लिहून ऐतिहासिक कादंबरीचा पाया घातला. त्यानंतर हरिभाऊ आपट्यांपासून रणजित देसाई आणि ना. सं. इनामदारांपर्यंत जी थोर परंपरा निर्माण झाली, तिची रीत बहुतांशी वेगळी होती. तेथे लेखक वाचकाचा हात धरून त्याला थेट गतकाळात नेऊन उभा करतो. आपण स्वतः तेथे कोणत्या कागदाच्या आधाराने पोचलो, वाटेत कोठे कागद फाटलेला होता आणि तेथे आपण कल्पनेचे ठिगळ कसे लावले, याचा हिशेब तो वाचकापुढे मांडीत नाही. राजे, सेनापती आणि मुत्सद्दी यांच्या बाबतीत ही रीत चालून जाते, कारण त्यांच्यामागे बखरी, तहनामे, सनदा आणि पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल उभे असतात. स्त्रियांच्या बाबतीत मात्र कागदच तुटपुंजे, आणि जे आहेत ते बहुधा दुसऱ्या कोणीतरी लिहिलेले. तेव्हा जो शोध पूर्वीच्या कादंबरीत पडद्याआड राहत असे, तोच शोध रंगभूमीवर आणावा, शोधणाऱ्या स्त्रीला कथेची अर्धी वाटेकरीण करावी, आणि सापडलेल्या गोष्टीइतकेच न सापडलेल्या गोष्टीलाही कथेत स्थान द्यावे, या गरजेतून दोन काळांची ही कादंबरी जन्मली, असे मला वाटते.

काही उदाहरणे पाहिली म्हणजे या प्रकाराची घडण ध्यानात येईल. ए. एस. बायट यांच्या ‘पझेशन’ या १९९० सालच्या, बुकर पारितोषिक मिळालेल्या कादंबरीत लंडनच्या एका ग्रंथालयातील जुन्या पुस्तकात एका व्हिक्टोरियन कवीच्या पत्राचे कच्चे खर्डे सापडतात, आणि तेथून दोन तरुण अभ्यासक त्या कवीच्या व एका विस्मृत कवयित्रीच्या गुप्त प्रेमापर्यंत पोचतात. शेवटी शोध घेणारी स्त्री ही त्या कवयित्रीचीच वंशज निघते. रेचल कॅडिश यांच्या ‘द वेट ऑफ इंक’ या २०१७ सालच्या कादंबरीत लंडनजवळच्या एका जुन्या घराच्या जिन्याखाली सतराव्या शतकातील कागद मिळतात, आणि त्यांतील हस्ताक्षर एका अंध धर्मगुरूसाठी लेखनिकाचे काम करणाऱ्या ज्यू तरुणीचे आहे, हे वृद्धत्वाकडे झुकलेली एक इतिहाससंशोधिका महत्प्रयासाने सिद्ध करते. रूथ प्रवर झाबवाला यांची ‘हीट अँड डस्ट’ ही १९७५ ची कादंबरी तर आपल्याच देशात घडते: १९२३ साली एका इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी ऑलिव्हिया नवाबाकडे निघून जाते, आणि पन्नासएक वर्षांनी तिच्या पत्रांचे पुडके घेऊन जी तरुणी भारतात येते ती ऑलिव्हियाची नात नव्हे, तर ऑलिव्हियाच्या नवऱ्याने पुढे केलेल्या दुसऱ्या लग्नाची नात असते.

या शेवटच्या तपशिलाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. बायटबाईंची कादंबरी बुद्धिवैभवाने झगमगते हे खरे. परंतु अखेरीस रक्ताच्या नात्याची गाठ मारली गेली, तेव्हा इतक्या परिश्रमाने चाललेला शोध एकाएकी वारसाहक्काच्या दाव्यासारखा निकालात निघाला, असे मला नेहमी वाटत आले आहे. झाबवालाबाईंनी ती गाठ बुद्धिपुरस्सर टाळली. ऑलिव्हियाशी जिचे रक्ताचे नाते नाही अशी तरुणी केवळ पत्रे वाचून तिच्या जीवनाकडे ओढली जाते. आणि शतकांच्या अंतरावरील दोन स्त्रियांना खरोखर जोडणारे काही असेल तर ते वाचण्याचे, समजून घेण्याचे कष्टच होत, ही गोष्ट तेथे अधिक प्रामाणिकपणे उमटते. कुर्रतुलऐन हैदर यांनी १९५९ च्या ‘आग का दरिया’ या उर्दू कादंबरीत याहूनही निराळी वाट धरली: चंपक, चंपावती, चंपाजान, चंपा अहमद अशा नावांनी एक स्त्री प्राचीन काळापासून फाळणीपर्यंतच्या चार युगांत पुन्हा पुन्हा भेटते, आणि हा पुनर्जन्म आहे असे लेखिका कोठेही म्हणत नाही. इंग्रजीत हा प्रकार बहराला येण्याआधी दोन दशके आपल्या भूमीत एका स्त्रीने तो इतक्या विशाल पटावर हाताळला होता, याची आठवण आपण ठेवावयास हवी.

किंबहुना मराठी बाईला काळाच्या दोन पातळ्यांवर एकाच वेळी वावरण्याचे शिक्षण कोणा कादंबरीकाराने द्यावे लागले नाही. जात्यावर बसलेली बाई सीतेचा वनवास गाते तेव्हा सीता तिला शेजघरातल्या बहिणीसारखी जवळची असते. जनाबाईच्या दळणाला विठ्ठल हात लावतो, तो तिच्याच जात्याला लावल्यासारखा. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नाने एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या; त्यांत हा काळाचा सरमिसळपणा पदोपदी आढळतो. आणि महदाइसेचे धवळे तरी दुसरे काय आहेत? पंथाची परंपरा सांगते की, पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या मनात विवाहाचा खेळ आला, भक्तांनी रिद्धपुरात तो सोहळा मांडला, आणि लग्नातली गाणी म्हणण्याचे काम महदाइसेकडे आले. १२८७ च्या सुमारास झालेल्या त्या रचनेचा विषय तिने निवडला तो रुक्मिणीस्वयंवराचा. रुक्मिणीचे माहेर म्हणून ज्याची ख्याती आहे ते वर्धाकाठचे कौंडण्यपूर याच अमरावती जिल्ह्यात आहे. कृष्णाला स्वहस्ते पत्र धाडून आपला वर आपण निवडणाऱ्या त्या राजकन्येची कथा, जिच्या वैवाहिक आयुष्याचा बालपणीच शेवट झाला होता अशा एका विरक्त स्त्रीने, आपल्या वृद्ध गुरूच्या लीळाविवाहात, वऱ्हाडच्याच भूमीवर गावी, यात दोन काळांतील स्त्रियांची जी भेट आहे ती कोणत्याही आधुनिक कादंबरीहून उणी नाही.

आता प्रभावतीगुप्तेकडे वळू, कारण तिचा ताम्रपट जितका बारकाईने वाचावा तितका तो बोलका होत जातो. ती गुप्त सम्राट द्वितीय चंद्रगुप्त आणि नागकुलातील कुबेरनागा यांची कन्या; वाकाटक नृपती द्वितीय रुद्रसेन याच्याशी तिचा विवाह झाला; पती अकाली निवर्तला, पुत्र अज्ञान होते, आणि राज्याचा कारभार तिने स्वतः चालविला. नंदिवर्धनाहून काढलेल्या तिच्या पहिल्या उपलब्ध दानपत्रावर राजाची मुद्रा नसून, ही युवराजाच्या जननीची आज्ञा आहे असे सांगणारी मुद्रा आहे. पुण्याचा म्हणून ओळखला जाणारा तो ताम्रपट वस्तुतः अहमदनगरच्या एका तांबटाकडे होता, का. बा. पाठक आणि का. ना. दीक्षित यांनी तो प्रसिद्ध केला. तांबटाच्या घरी तांब्याचा पत्रा वितळविला न जाता दीड हजार वर्षांचा शब्द टिकून राहिला, या योगायोगाची कल्पना करताना अंगावर काटा येतो.

रिद्धपूरचा पट त्यानंतरचा. तिचा पुत्र द्वितीय प्रवरसेन याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे पाचव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, तो रामगिरिस्वामीच्या चरणांपाशी, अर्थात आजच्या रामटेकला दिला गेला. १९२४ च्या सुमारास य. रा. गुप्ते यांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले आणि पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या समग्र लेखसंग्रहात त्याचा परामर्श घेतला. पुत्र सिंहासनावर बसून एकोणीस वर्षे लोटली असताना आईने स्वतःच्या नावाने दान द्यावे, हेच मुळी लक्षात घेण्यासारखे आहे. परंतु त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, वंशावळ सांगताना ती सासरचे वाकाटक कुल आधी न सांगता माहेरच्या गुप्तांची परंपरा सांगते, आणि विवाहानंतर पतीचे विष्णुवृद्ध गोत्र न लावता आपले धारण हे गोत्र कायम ठेवते. आईचे नागकुलही ती विसरत नाही. पटातील एका समासाचा अर्थ लावताना विद्वानांत मतभेद झाला: शंभराहून अधिक वर्षे आयुष्य ती स्वतःला सांगते आहे, की पुत्रपौत्रांना तेवढे आयुष्य चिंतिते आहे? कादंबरीकाराने अशा जागी निर्णय देण्याची घाई करू नये. कथेतली आजची अभ्यासिका त्या समासापाशी अडखळावी आणि तिच्या पुढ्यात शंभरीची आजीही उभी राहावी, नातवंडांना औक्षवंत हो म्हणणारी साठीची राणीही उभी राहावी. दोन काळांच्या रचनेला ही सोय आहे, एका काळाच्या रचनेला ती नाही.

दानाचा तपशील याहून मोलाचा आहे. अश्वत्थनगर नावाच्या गावातील एक शेत, त्यासोबत शेतकऱ्याचे एक घर आणि कर्षकांच्या चार झोपड्या राणीने ब्राह्मणांना दिल्या. चार झोपड्या! राणीचे आईबाप, आजे-पणजे, गोत्र, कुल हे सारे ज्या पटावर नावानिशी कोरले गेले, त्याच पटावर ज्या कुळांच्या झोपड्या हस्तांतरित झाल्या त्यांतल्या एकाही माणसाचे नाव नाही. त्या चार चुलींपाशी चार तरी बाया असतील. सकाळी जमीन एका मालकाची होती, संध्याकाळी ती दुसऱ्याची झाली, आणि हे त्यांना कोणी कोणत्या शब्दांत सांगितले असेल, हा प्रश्न त्या ताम्रपटाच्या वाचनात मला राणीच्या गोत्राहूनही अधिक काळ छळीत राहतो. राणीच्या मुलीने आईच्या स्मरणार्थ देवालय उभारल्याचे रामटेकच्या केवल-नरसिंह मंदिरातील एका भग्न शिलालेखावरून अभ्यासकांनी अनुमानिले आहे. म्हणजे राजकुलातील आई-मुलीच्या नात्यालाही शिळेचा आधार मिळाला. झोपडीतल्या आई-मुलींना तो कोठून मिळावा?

महदाइसेचा आधार ताम्रपटाचा नाही, शिळेचाही नाही. माणसांच्या स्मरणाचा आहे. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांना खोदखोदून प्रश्न विचारणारी ही स्त्री लीळाचरित्रात पानोपानी भेटते. म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास रिद्धपुरात सिद्ध केलेला तो ग्रंथ पुढे परचक्राच्या धामधुमीत हरवला आणि ज्यांना जे जसे आठवत होते त्यावरून पुन्हा जुळविला गेला. त्यामुळे त्याचे निरनिराळे पाठ झाले. स्मृतिस्थळ या पंथाच्याच ग्रंथात एक प्रसंग आहे: पंथातील पंडित संस्कृतात रचना करू पाहतात, तेव्हा आचार्य नागदेव त्यांना आवरतात, कारण संस्कृत ग्रंथ झाला तर पंथातल्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील. मराठीच्या आरंभीच्या गद्याने मराठीच राहावे याचे एक कारण रिद्धपूरच्या त्या म्हाताऱ्या आहेत, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात जितक्या मोठ्याने सांगितली जावी तितकी ती सांगितली जात नाही.

आणि मग त्या पोथ्या मिटल्या. पंथाने सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या स्वीकारल्या. अक्षरांची अदलाबदल करून लिहिलेला मजकूर बाहेरच्याला वाचता येईनासा झाला आणि ही कुलुपे शतकानुशतके तशीच राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीचे मर्म उलगडले, यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी १९२५ मध्ये महानुभावीय वाङ्मयाचा परिचय ग्रंथरूपाने करून दिला, डॉ. वि. भि. कोलते यांनी आयुष्य वेचून १९७८ साली लीळाचरित्राची संपादित प्रत हाती दिली. अमेरिकेतून आलेल्या अ‍ॅन फेल्डहाउस यांनी गोविंदप्रभूंच्या चरित्राचे इंग्रजी भाषांतर १९८४ साली प्रसिद्ध केले, स्मृतिस्थळाचे भाषांतर शं. गो. तुळपुळे यांच्यासह केले, आणि दोघांनी मिळून जुन्या मराठीचा कोशही रचला. दोन काळांची कादंबरी ज्या शोधक स्त्रीची कल्पना करते तशी स्त्री रिद्धपूरच्या वाटेला प्रत्यक्ष येऊन गेली आहे. तिचे काम म्हणजे एका रात्रीत उलगडणारे रहस्य नव्हते, एकेका शब्दाच्या अर्थासाठी पाच-पंचवीस पोथ्या ताडून पाहण्याचे ते कष्ट होते. या प्रकारच्या पुष्कळ कादंबऱ्यांत वर्तमानकाळातील नायिका दुबळी वाटते, तिचे कारण हेच की लेखक तिला एक मोडलेले लग्न देतो, एक वारशाने मिळालेले घर देतो, पण अशी मेहनत देत नाही.

वऱ्हाडातील आणखी एका स्त्रीचा उल्लेख थोडक्यात करतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापविला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर झालेला अर्भकहत्येचा खटला आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर झालेली आगपाखड यांचे ते जळजळीत उत्तर होते. जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. तरी पुस्तक जे लुप्त झाले ते डॉ. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत. ताम्रपट दीड हजार वर्षे टिकतो, पोथी सहाशे वर्षे कुलूपबंद राहते, आणि छापलेले पुस्तक शंभर वर्षांच्या आत नाहीसे होते, हा क्रम दुव्यांच्या टिकाऊपणाविषयी पुष्कळ काही सांगून जातो.

या प्रकारच्या लेखनात दोन मोह विशेष घातक आहेत. पहिला, जुन्या स्त्रीच्या तोंडी आजची मते घालण्याचा. महदाइसा प्रश्न विचारते म्हणून तिला आजच्या अर्थाने बंडखोर ठरविणे सोपे आहे. पण तिचे प्रश्न मोक्षाचे आहेत, आचाराचे आहेत, परमेश्वराच्या सन्निधानाचे आहेत, आणि ते तसेच राहू दिले तरच तिची बुद्धी दिसते. दुसरा मोह स्वप्नाचा, दृष्टान्ताचा, पूर्वजन्माच्या आठवणीचा. आजच्या नायिकेला ताप चढावा आणि तापात तिला सारा भूतकाळ दिसावा, ही युक्ती वापरली की कागद वाचण्याची गरजच उरत नाही. जिच्या शब्दांसाठी राजवाडे आणि कोलते झिजले ती स्त्री फुकटात हाती येते, आणि फुकटात आलेली स्त्री लेखकाच्या मर्जीप्रमाणे बोलू लागते. प्रभावतीगुप्ता काय म्हणाली ते पटावर आहे. ती काय म्हणाली नाही, ते रिकामे ठेवण्याचे धैर्य लेखकात हवे.

मैदानी वऱ्हाड सोडून सातपुड्याकडे तोंड केले की हा सारा विचार एकदम कठीण होतो. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतला. किल्लेदार बेनीसिंग पडला, आणि किल्ल्यातील रजपूत स्त्रियांनी जोहार आरंभिल्याची हकीकत इंग्रजी वृत्तान्तांत नमूद आहे. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकाराने त्या वेढ्यावर एक अख्खी कादंबरी लिहिली. तिचा नायक अर्थातच इंग्रज शिपाई. गडाचा पाडाव कोणत्या दिवशी, कोणत्या बुरुजाकडून झाला ते आपल्याला ठाऊक आहे; चिता रचणाऱ्या त्या स्त्रिया त्या वृत्तान्तांत नावावाचून येतात आणि नावावाचून जातात.

आणखी आत जावे. परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घटांगची चढण ओलांडून सिपना नदीच्या काठी सेमाडोहला पोचतो. सभोवार सागाचे अरण्य. १९७३-७४ साली देशात व्याघ्रप्रकल्पाची पहिली नऊ क्षेत्रे ठरली त्यांत हा मेळघाट होता, आणि आज सेमाडोहचे नाव घेतले की बहुतेकांना वनखात्याचे पर्यटन संकुल आठवते. परंतु गाव कोरकूंचे आहे. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नव्हे, गोंडीच्याही नव्हे. ती मुंडा भाषाकुलातील, आणि त्या कुलाच्या वस्तीचे हे पश्चिमेकडील टोक. या भाषेला परंपरेने लिपी नाही. येथे ताम्रपट निघणार नाही, पोथी उलगडणार नाही, जिन्याखाली कागदांचे पुडके मिळणार नाही. सरकारी दप्तरात येथील बाई येते ती बहुधा एखाद्या सदराखालचा आकडा होऊन: गावची शिरगणती, चराईचा हक्क, आणि गेल्या तीसएक वर्षांत वृत्तपत्रांतून, बालमृत्यूंच्या आकड्यांमागची निनावी आई म्हणून. दोन काळांची कादंबरी ज्या लेखी दुव्यावर उभी असते तो दुवा येथे नाही, म्हणून येथल्या स्त्रीला भूतकाळच नाही असे मानण्यापर्यंत हा साहित्यप्रकार नकळत येऊन ठेपतो. हा त्याचा मोठा दोष आहे आणि तो मला मनापासून खुपतो.

वास्तविक कोरकूंपाशी भूतकाळ आहे आणि त्यात स्त्रीला नावही आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात त्यांची उत्पत्तिकथा नोंदविली आहे: रावणाच्या विनंतीवरून महादेवाने वारुळाच्या तांबड्या मातीच्या दोन मूर्ती घडविल्या, इंद्राने धाडलेल्या घोड्यांपासून त्यांचे रक्षण करण्यासाठी कुत्रे निर्माण केले, मग मूर्तींत प्राण घातला, आणि त्या आद्य स्त्रीपुरुषांची नावे मुला आणि मुलाई. वंशाच्या आरंभी पुरुषाबरोबर स्त्रीचे नाव उच्चारणारी ही परंपरा आहे. मृतांसाठी त्यांच्यात सिडोली नावाचा विधी होतो आणि सागाचा कोरीव खांब उभारतात. त्यास मुंडा म्हणतात. त्या खांबावर सूर्य असतो, चंद्र असतो, घोड्यावर बसलेली आकृती असते. जुन्या खांबांवर अक्षर मात्र नसते. खांब कोणाचा, हे खांब सांगत नाही; ते सांगणारे माणूस जवळ उभे असावे लागते. ताम्रपट वाचणारा मेला तरी ताम्रपट राहतो. मुंडा वाचणारी म्हातारी गेली की खांब लाकूड होतो, आणि पावसाळ्यांमागून पावसाळे जातात तसे ते लाकूडही जाते.

म्हणून मेळघाटची कादंबरी लिहावयाची तर दोन काळांमधले अंतरच निराळ्या मापाने मोजावे लागेल, असे मला वाटते. येथे पाचवे शतक आणि एकविसावे शतक समोरासमोर आणण्याचा अट्टाहास नको. आजी, तिची आई, तिचीही आजी, एवढ्या तीन-चार पिढ्यांपर्यंतच नाव आणि खांब यांची जोडी जुळते. त्यापलीकडे एकदम मुलाई उभी असते. मधला सारा प्रदेश मोकळा. या मोकळ्या प्रदेशात लेखकाने राणी आणून बसवू नये, किल्लेदाराची कन्या आणू नये. अश्वत्थनगरच्या त्या चार झोपड्यांतील बायांप्रमाणे येथेही नावाची जागा रिकामी आहे हे वाचकाला दिसू द्यावे, आणि त्या रिकाम्या जागेभोवती ज्या गोष्टी निश्चित ठाऊक आहेत त्या रचीत जाव्यात: मोहाची फुले वेचण्याचे दिवस, फाल्गुनातली गाणी, गोंदणाच्या खुणा, नदीच्या पाण्याची चढउतार, जंगल राखीव झाल्यानंतर कोठली वाट बंद झाली आणि कोठली चोरून चालू राहिली.

वर्तमानकाळाचा धागा शोधण्यासाठी तर फार लांब जावयास नको. बोरी, कोहा, कुंड ही गावे या शतकाच्या आरंभी व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातून उठविली गेली. पुढे धारगड, गुल्लरघाट, केलपाणी अशी आणखी गावे उठली आणि त्यांचे पुनर्वसन अकोला जिल्ह्याच्या अकोट तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी झाले. मोबदला, भूखंड, सातबारा यांच्या नोंदी झाल्या. नव्या जागेत निभाव लागेना म्हणून काही कुटुंबे पुन्हा जंगलात जाऊन बसली आणि २०१९ च्या जानेवारीत त्यांचा व सरकारी पथकांचा संघर्ष झाला, तोही वर्तमानपत्रांत आला. गाव उठते तेव्हा घरांची मोजणी होते, झाडांची होते, विहिरीची होते. खांबांचे काय होते, कोणत्या बाईने आपल्या आईचा मुंडा मागे ठेवला, आणि मैदानातल्या नव्या वस्तीत सिडोली करावयाची तर सागाचे लाकूड कोणाच्या परवानगीने आणावयाचे, हे प्रश्न विचारणारा कागद मी अद्याप पाहिलेला नाही. त्या वस्त्यांत जाऊन हे विचारावयास कोरकू जाणणारी व्यक्ती हवी, शक्य तर त्याच वस्तीतली लिहितीवाचती मुलगी. आणि तिने उत्तरे आधी कोरकूत जशीच्या तशी, सांगणाऱ्या बाईच्या नावानिशी उतरवून घ्यावीत, मराठी अर्थ नंतर.